इबूत कुठल्या कॅमेऱ्याला

आण्णांच्या दुकानात फोटो काढायला आलेल्या मानसाला आदी पानी प्यावं लागायचं. तान असू दे न्हाईतर नसू दे. तांब्याचा पेला भरून मी द्यायची, आन् त्यो रिकामा हुईस्तवर आण्णा कॅमेऱ्याला हात लावायचं न्हाईत. एकादा म्हनायचा, आण्णा, आत्ताच च्या पिऊन आलोय. तर म्हनायचं, "च्या पावण्याला देत्यात. पानी प्यालं की मानूस घरात आल्यागत हुतंय."

आन् ते खरं हुतं. पेला खाली ठेवला की मानसाचं खांदं खाली यायचं. खांदं खाली आलं की आण्णा फोटो काढायचं. एकच. दुसरा न्हाई. "मानूस एकदाच बसतंय," म्हनायचं, "दुसऱ्यांदा बसतंय ते सोंग."

तालमीतलं पैलवान यायचं फोटोला, अंगाला तेल लावून, गदा घिऊन. छाती फुगवून हुबं ऱ्हायचं. आण्णा कॅमेऱ्यामागनंच म्हनायचं, "मर्दा, ती हवा सायकलीत भर जा. छाती हाय तेवढी दिसतीया." पैलवान हसायचा, हवा निगून जायची, आन् तेवढ्यात फोटो झालेला असायचा. त्येला वाटायचं, अजून काढायचाय. ह्येंनी झाकन लावलेलं असायचं.

मी नेसरीच्या अलीकडच्या वाडीतली. शाळा दुसरीपातूर. मालक हिरीच्या कामावर हुतं, वरनं दरड आली, त्यात गेलं. पोरगी तवा मांडीवर हुती. सासरच्यांनी वरीस सरायच्या आत दार दावलं. भावाकडं गेले, तर भावजय वाईट बोलली न्हाई, खरं ताट वाढताना जरा लांबनं सरकवायला लागली. तेवढं मला कळतंय. पोरीला काखंत घेतली आन् कोल्हापूरला आले. गंगावेशीकडं चार घरची भांडी धरली. त्यातलं एक घर आण्णांच्या दुकानाच्या मागं हुतं. मी नळावर भांडी घासायची, आण्णा मागच्या दारात हुबं ऱ्हाऊन बगायचं. मला भ्या वाटायचं. एकलं मानूस, लगीन न केल्यालं, आन् असं टक लावून बगतंय.

एक दिस म्हनालं, "बाई, घासलेलं भांडं कितीदा धुतीस?"

मी म्हनलं, "राख जाईपातूर."

"उद्यापास्नं हितं ये. फोटो धू."

झालं. तीच माजी परीक्षा. दुकानाच्या मागं एक अंधारी खोली हुती, तिथं आण्णा लाल दिव्यात फोटो करायचं, आन् त्या खोलीला लागून सामानाची एक खोली हुती, ती मला ऱ्हायला दिली. पत्रा गळायचा, खरं भित्ती माज्या म्हनाय आल्या. आण्णा कुरुंदवाडकडलं, लिंगायत. घरात कानडी, दुकानात मराठी. मला 'तंगी' म्हनायचं. कानडीत धाकट्या भनीला म्हनत्यात. मानसांशी मराठीत बोलायचं आन् कॅमेऱ्याशी कानडीत. पावसाळ्यात हवा दमट असती, भिंगावर बुरा येतोय, म्हनून कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचं. त्यो तांदूळ शिजवायचा न्हाई. मी एकदा चुकून त्यातला मूठभर घेतला तर म्हनालं, "त्येचं अंथरून हाय ते."

फोटो धुवायचा म्हंजी नुस्ता बुडवायचा न्हाई. औशिदातनं काडला की वाहत्या पान्यात, दोनी बाजूनं, कडा धरून. औशीद ऱ्हायलं की फोटो आतनं सडतोय, वरसा-दोन वरसांनी पिवळा पडतोय. आण्णांचा नेम हुता, आपल्या दुकानातनं न धुता एक फोटो जायचा न्हाई. रंगीत फोटो आल्यावर ते लॅबवाल्याकडनं तयार हुऊन यायचं, मशीनवर केल्यालं, धुवून वाळवून. तरी आण्णा ते माज्या हातात द्यायचं. "मशीन काय धुतंय? त्येला काय राख दिसती?" मी पुन्यांदा धुवायची, दोरीवर चिमट्यानं लावायची. गिऱ्हाईक म्हनायचं, आण्णा, वला कशापायी करतासा फोटू? आण्णा म्हनायचं, "तुमचा नातू बगनार हाय त्यो."

तसं आमचं चाललं हुतं. पोरगी शाळंत गेली, शाळंतनं वर गेली. मला कुनी विचारलं तुजं काय हाय कोल्हापुरात, तर मी सांगितलं असतं, एक नळ हाय.

आण्णांच्या लोकात मयत झाल्यालं मानूस आडवं ठेवत न्हाईत. बसवत्यात. इबूत लावून, हार घालून, मांडी घालून बसवत्यात आन् तसंच मातीत ठेवत्यात. बसवलं की त्येचा फोटो काढायला आण्णांना बोलवनं यायचं. मी दिव्याची छत्री धरायला जायची. तितं पानी कुनाला द्यायचं? मग आण्णा सोताच पेलाभर पानी प्यायचं, उगी हुबं ऱ्हायचं, आन् मग एक फोटो. रडनारी बाई सुदिक तेवढ्यापुरती गप हुयाची.

तर आण्णांचा भाचा वारणानगरला हुता. काँप्युटर शिकल्याला. पोरगी माजी नर्सिंगला लागली त्या साली त्यो एक दिस आला आन् टेबलावर एक कॅमेरा ठेवला. आण्णांच्या कॅमेऱ्यागतच दिसायला, काळा, भिंग मोठं. म्हनाला, "मामा, ह्यात रोल न्हाई. धुवायचं काय न्हाई. काढला की हितं मागं दिसतोय."

आण्णांनी कॅमेरा उलटा केला, सुलटा केला, कानाला लावला. मी दारात हुबी हुते, हात वलं. माज्या कानात एकच ऱ्हायलं. धुवायचं काय न्हाई.

आमच्या रस्त्यावरच्या दोन दुकानांनी आदीच नवा घेतला हुता. त्येंच्या मागच्या खोल्यात आता झेरॉक्सचं मशीन बसलं हुतं. आमच्याकडं आल्यालं पोरगं-पोरगी फोटो झाल्या झाल्या म्हनायचं, आण्णा, दावा की कसा आलाय. आण्णा म्हनायचं, कच्ची भाकरी ताटात वाढत न्हाईत. ते हसून उठायचं, खरं परत यायचं न्हाईत. दुकान रोलवर धरलं तर बसनार, आन् नवं आनलं तर अंधारी खोली जानार. खोली गेली की मी गेले. पोरीची अजून दोन वरसं ऱ्हायली हुती. तेवढं छप्पर टिकलं पायजे, दुसरं मला काय नगं हुतं.

आण्णांनी ठरवलं न्हाई. भाच्याला म्हनालं, ठेव हितं, बगतो. आन् दोनी कॅमेरं गळ्यात घालून हिंडायला लागलं, एक डावीकडं, एक उजवीकडं, बैलाच्या गळ्यात लोढनं घातल्यागत. ज्येला त्येला विचारायचं. न्हाव्याला विचारलं. दूधवाल्याला विचारलं. पासपोट फोटोला आल्याल्या म्हातारीला विचारलं, तर ती म्हनाली, माजं तोंड कशात बी तसंच येनार बाबा. न्हावी म्हनाला नवा घ्या, की आण्णा जुन्याचं गुन सांगायचं. दूधवाला म्हनाला जुनाच बरा, की ह्ये नव्याची बाजू घ्यायचं.

मला बी विचारलं. "तंगी, तुला काय वाटतंय?"

काय सांगू? जुना म्हनलं तर पोटासाठी म्हनतीया. नवा म्हनलं तर आपल्याच हातानं आपली वळकटी बांधतीया. मी म्हनलं, "तुमाला ज्यातनं दिसतंय त्यातनं काढा."

"दोनीतनं दिसतंय," आण्णा चिडून म्हनालं, "तीच तर अडचन हाय."

सकाळी आंगूळ झाली की आण्णा लिंगाची पूजा करायचं, आन् उरल्याल्या इबूतीची तीन बोटं कॅमेऱ्याला वडायचं. आता कॅमेरं दोन. मी झाडलोट करायच्या आदी जाऊन बगायची, आज इबूत कुठल्या कॅमेऱ्याला लागलीया. जुन्याला असली की त्या दिशी भाकरी खाली उतरायची. नव्याला असली की मी पोरीचं आन् माजं कपडं किती हायत, टरंकंत बसतील का, कुनाच्या दारात जायचं, ह्येच घोळवत बसायची. भावजयीचं त्ये ताट डोळ्यापुढं यायचं. एक दिस दोनीला इबूत. एक दिस कुठल्यालाच न्हाई, ते लई वाईट. त्या दिशी आण्णा दिसभर कुनाशी बोललं न्हाईत, कॅमेऱ्याशी सुदिक.

मी त्येंना काय विचारलं न्हाई. विचारून काय हुनार? विचारलं की उत्तर येतंय.

मग कुरुंदवाडचं लगीन आलं. आण्णांच्या वळखीतलंच घर, मराठ्याचं. भाचा म्हनाला, मामा, दोनीतनं काढा, मग ठरवा. आण्णांना पटलं. मांडवात मी दिव्याची छत्री घिऊन हुबी, आन् आण्णा एक फोटो जुन्यातनं, त्योच फोटो नव्यातनं असं करत चाललं. देवक झालं, हळद झाली. मला दिसत हुतं, त्येंचा हात जुन्याकडं जातोय, मधीच थांबतोय, नव्याकडं वळतोय.

अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला. नवरीनं माळ वर केली.

आण्णांचा डावा हात एका कॅमेऱ्यावर, उजवा दुसऱ्यावर. आन् तसंच हुबं. नवरीनं माळ घातली. नवऱ्यानं घातली. बँड वाजला, लोकं जेवनाकडं वळली. आण्णांनी दोनीतला एक बी वर उचलला न्हवता.

जलमात असं झालं न्हवतं. मी छत्री खाली घेतली न्हाई, म्हनलं कुनाच्या ध्यानात यायचं न्हाई. खरं नवरीच्या मामानं बगितलं हुतं. कंबरंवर हात ठेवून म्हनाला, "आण्णा, फोटू काढलासा का नुस्तं दर्शन घेतलासा?"

मांडव हसला. आण्णा हसलं न्हाईत. मग म्हनालं, "पुन्यांदा घाला."

ह्यो शब्द मी त्येंच्या तोंडातनं तोवर आयकला न्हवता. नवरा-नवरीनं लाजत लाजत माळा काढल्या, परत घातल्या. नवरी फिस्सकन हसली बी. आण्णांनी जुन्या कॅमेऱ्याला हात लावला न्हाई. नवा उचलला आन् त्यातनं काढला. येताना यष्टीत मला एवढंच म्हनालं, "खोटी माळ रोलावर नगं."

दुसऱ्या दिशी भाचा एक यंत्र घिऊन आला, कागदावर फोटो छापायचं. दुकानातच जोडलं. करकर करत एकेक फोटो भाईर यायला लागला. मी सांगते, फोटो चांगलं हुतं. शालूचा रंग असा, हळद अशी, जनू आत्ता लागलीया. आण्णांनी एक उचलला, वास घेतला. म्हनालं, "ह्येला वासच न्हाई."

भाचा कागद आनाय भाईर गेला. आण्णांनी सगळी चळत माज्याकडं दिली. "धू."

मी म्हनलं, "ह्ये बी धुवायचं?"

"आपल्या दुकानातनं न धुता जात न्हाई."

मला तर बरंच वाटलं. धुवायचं हाय म्हंजी मी हाय. मी परात घेतली, नळ सोडला, आन् फोटो कडंनी धरून पान्यात सोडलं, रोज सोडते तसं. पानी लाल झालं. मला वाटलं परातीला काय लागलं हुतं. मग पिवळं झालं, मग सगळं मिसळून गढूळ. फोटो उचलला तर नवरीला तोंड न्हवतं. शालू वाहून हातावर आलेला. माळ घालायचा हात तेवढा उरला हुता, त्यो बी माज्या डोळ्यादेखत गेला.

आण्णांना हाक मारली. आलं, परातीत बगितलं. मला वाटलं आता बोलनार. बोललं, खरं मला न्हाई. परातीलाच म्हनल्यागत म्हनालं, "खोटी हुती. ऱ्हायली न्हाई."

तेवढ्यात भाचा आला. आदी डोक्याला हात लावला, मग हसत सुटला. "आवो मामा, शाई हाय ही. पान्यात घालत्यात व्हय? थांबा, पुन्ना काढतो की." आन् बटान दाबलं.

करकर करत तीच नवरी आली. तेच तोंड, तीच माळ, तेच फिस्सकन हसनं. एका केसाचा फरक न्हाई.

आण्णांनी एका हातात कोरा झाल्याला वला कागद धरला हुता आन् दुसऱ्या हातात ही नवीन नवरी. एकदा ह्यो बगितला, एकदा ही. मग जाऊन गिऱ्हाईकाच्या स्टुलावर बसलं. त्या स्टुलावर मी त्येंना कवा बसल्यालं बगितलं न्हवतं. त्येंचा सोताचा फोटो कुनी काढल्याला न्हवता, काढू दिला न्हवता. मी नळ सोडला. पेला भरला आन् नेऊन दिला. आण्णांनी सगळा प्याला.

पेला खाली ठेवला, आन् त्येंचं खांदं खाली आलं.

मला कळलं. एवढी वरसं मी लोकांचं खांदं बगत आलते. आण्णांचं ठरलं हुतं.

सकाळी मी बगायला गेले. इबूतीची तीन बोटं नव्या कॅमेऱ्याला. जुना तांदळाच्या डब्यात, वरनं फडकं बांधल्यालं, पावसाळा न्हाई काय न्हाई. मी झाडू मारला, पानी भरलं. मग खोलीत जाऊन टरंक वडली. तवा, परात, पोरीची पुस्तकं एका लुगड्यात बांधली. रडले न्हाई. रडायला बसलं की गाठ सैल बसती. पोरीला वसतिगृहात सोडायचं आन् आपन कुनाच्या तरी वसरीला पडायचं, असं मनात धरलं.

आण्णा दारात येऊन हुबं ऱ्हायलं, पैल्यांदा नळावर बगायचं तसं.

"ह्ये काय?"

"अंधारी खोली बंद झाली न्हवं."

"खोली बंद झाली," आण्णा म्हनालं, "नळ कुटं चाललाय?"

मी गाठ धरूनच बसले.

"फोटो धुवायचा संपला, तंगी. ह्यो नवा लई खोड्याळ हाय. मानसाच्या तोंडावर धुळीचा कन असला तरी दावतोय. मागनं धुता येत न्हाई म्हनल्यावर आदी धुवाय पायजे. उद्यापास्नं तू मानूस धू."

मला वाटलं दया कराय लागल्यात. दया मला ओळखू येती, ती ताट लांबनं सरकवती. म्हनलं, "आण्णा, उगी कायतरी काम काडू नगा."

आण्णांनी मोठ्यांदा सांगितलं, रस्त्यापातूर जाईल असं, "उगी व्हय? ती हळदीतली नवरी बगितलीस का? गालाला काजळ लागलेलं. ते मशीन आता गावभर दावनार. तू आसतीस तर पुसलं असतंस. मला काय ते दिसतंय? मी खांदं बगतो."

आन् ते खरं हुतं. मी दिवा धरून हुते म्हनून पुसाय गेले न्हवते.

मी गाठ सोडली.

अंधाऱ्या खोलीची खिडकी कितीतरी वरसांनी उगडली. काळा रंग खरवडून काडला, नळाजवळ आरसा लावला, टावेल लावला. त्या दिसापास्नं आमच्या दुकानात आल्याला मानूस आदी माज्याकडं यायचा. शेतातनं सरळ आल्याला असला तर कानामागची माती. बारक्या पोरांचं शेंबूड. स्थळाच्या फोटोला आल्याली पोरगी असली की तिच्या पदराच्या निऱ्या, आन् बऱ्याचदा डोळं, कारन ती घरातनं रडून आलेली असायची. त्या पोरी माज्याजवळ काय काय बोलायच्या. नळ सोडल्याला असला की मानूस बोलतंय. मग पेलाभर पानी, मग आण्णा.

आण्णांनी नव्या कॅमेऱ्यातनं बी एकच काढला, अखेरपातूर. भाचा म्हनायचा, मामा, शंभर काढा, काय जातंय? आण्णा म्हनायचं, तुला काय जातंय ते कळत न्हाई, तीच पंचाईत हाय. आन् मागं फोटो दिसतोय ते त्येंना खपायचं न्हाई. माजी पोरगी नर्स झाली, दवाखान्यातनं जखमंला लावायची चिकटपट्टी आनायची, ती आण्णांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचंवर लावली. गिऱ्हाईकानं म्हनलं, दावा की, तर म्हनायचं, "जखम झालीया त्येला, उगडायची न्हाई." पोरीनं मला तिच्याकडं ऱ्हायला बोलवलं. मी म्हनलं, बगू. आन् ऱ्हायले तिथंच.

आण्णा गेलं ते सकाळी, दुकान उगडायच्या येळंला. लोकांनी बसवलं. जंगमानं इबूत लावली, हार घातला. आण्णांचा एक बी फोटो कुटं न्हवता, म्हनून भाच्यानं दुकानातनं त्येंचाच कॅमेरा आनला आन् पुढं आला. पट्टी तशीच हुती.

मी म्हनलं, "थांब."

इबूत डोळ्याच्या कडंला सांडली हुती. मी पदर वला केला आन् पुसली. कानामागनं बी पुसलं. हार जरा सरळ केला. उठले तर ध्यानात आलं, माज्या हातात तांब्याचा पेला हाय, भरल्याला. कवा भरला, काय म्हाईत. आता कुनाला द्यायचा? आण्णांचं खांदं तर खालीच हुतं.

भाच्याचं खांदं वर गेलं हुतं. मी पेला त्येच्याम्होरं धरला. त्येनं माज्याकडं बगितलं, आण्णांकडं बगितलं, आन् घटाघटा सगळा प्याला. उगी हुबा ऱ्हायला.

"एकच काढ," मी म्हनलं.

त्येनं एकच काढला. मग त्येचा अंगठा सवयीनं मागच्या पट्टीवर गेला, कोपरा उचकटायला. माज्याकडं बगितलं. कोपरा परत दाबून बसवला.